दुखणं थांबलं, हाका सुरूच राहिल्या

सकाळी कणीक मळायला घेतली की मूठच वळायची नाही. गरम पाण्यात हात धरून बसलं की तासा-दीड तासाने बोटं सैल पडायची. घरात सगळे म्हणाले, वात असेल. मी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणू लागले. गोळीने बरं वाटायचं, म्हणून अकरा महिने त्याच घेत राहिले. शेवटी एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने तर्जनीच्या बुडाचं हाड दाखवलं. त्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच होती. निदान झालं आमवाताचं, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं.

दुखणं कमी असताना हाड झिजलं कसं? याचं उत्तर केमोकाइन नावाच्या इवल्याशा प्रथिनांपाशी नेतं.

सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आली की तिथल्या पेशी ही प्रथिनं सोडतात. ती जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकटून बसतात. रक्ताबरोबर घरंगळत चाललेल्या पांढऱ्या पेशीच्या अंगावर त्यांना ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ओळख पटली की पेशी जागच्या जागी थबकते, चपटी होऊन भिंतीच्या फटीतून बाहेर पडते आणि जिकडे केमोकाइन दाट, तिकडे सरकत जाते. बोटात काटा मोडला की केमोकाइनची हीच हाक जंतूंशी लढणाऱ्या पेशींना बोलावते. तेव्हा ती जीव वाचवते. आमवातात मात्र काटा नसतानाही हाका चालूच राहतात. आलेल्या पेशी आणखी केमोकाइन सोडतात, सुजलेलं अस्तर जाड होत जातं आणि कडेचं हाड खाऊ लागतं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन आवरतात, त्यामुळे दुखणं आणि थोडी सूज उतरते. पण हाडाची झीज त्या थांबवत नाहीत. माझे अकरा महिने तिथेच गेले.

मग हाकच का बंद करू नये? शास्त्रज्ञांनी हा प्रयत्न मनापासून केला. पण माणसात केमोकाइन पन्नासच्या आसपास आणि त्यांचे ग्राहक सुमारे वीस. एक वाट अडवली तरी दुसरी मोकळी असते. सीसीएल-२ या केमोकाइनला पकडणारं प्रतिपिंड आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही. सीसीआर-५ हा ग्राहक बंद करणारं मॅराव्हिरॉक २००७ साली एचआयव्हीसाठी मंजूर झालं, कारण तो विषाणू पेशीत शिरायला हेच दार वापरतो. तेच औषध आमवातात उपयोगी पडलं नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण शंभरातल्या एकाला सीसीआर-५ जन्मतःच नसतो आणि अशी माणसं बहुतेक धडधाकट जगतात. एका हाकेवर शरीर किती कमी विसंबतं, हे यातून कळतं.

कामी आलेली औषधं याच्याही वरच्या पायरीवर घाव घालतात. टीएनएफ हा रेणू केमोकाइनचं उत्पादन पेटवतो. त्याला रोखलं की अनेक हाका एकदम मंदावतात आणि सांध्यात येणाऱ्या पेशी कमी होतात. पण क्षयाच्या झोपलेल्या जंतूंना कोंडून ठेवायलाही टीएनएफ लागतो. आपल्याकडे असे जंतू अंगात बाळगणारे कितीतरी आहेत. म्हणून टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांआधी क्षयाची तपासणी आणि छातीचा एक्स-रे कुणीही टाळू नये.

सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर थेट संधिवाततज्ज्ञ गाठावा. आमवात ओळखण्यासाठी सोबत रक्ताची अँटी-सीसीपी तपासणी होते. खाचा बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांतच पडू लागतात आणि पडलेली खाच सहसा भरून येत नाही.

आणि आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी सुरू झाली तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी: आमवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात, जीवही जाऊ शकतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर रविवारभोवती लाल गोल आहे. गोळी घेतली की त्या गोलावर मी फुली मारते. तीन महिन्यांनी पहिल्यांदा कणीक नीट मळता आली, तेव्हा बारा फुल्या झाल्या होत्या.