डावी भकाळी

चि. बाळास,


दोन संकरित गाई घेतल्यास, विहिरीजवळ लसूणघासही केलास, हे ताईकडून कळलं. आनंद झाला, काळजीही वाटली. म्हणून लिहितोय.

माझी पहिली गाय लसूणघासानेच गेली. दवाने भिजलेला, फुलोऱ्याआधीचा कोवळा घास मी उपाशी गाईपुढे पाटीभर टाकला आणि डेअरीवर दूध घालायला गेलो. परतलो तेव्हा तिची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट जागा, ढोलासारखी फुगली होती, जीभ बाहेर आली होती. डॉक्टर पोचेपर्यंत ती राहिली नाही.

असं का झालं, ते नंतर समजलं. चारा गाय खाते, पण तो आंबवून पचवतात तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव. त्यात दिवसाला शेकडो लिटर वायू होतो आणि ढेकरांवाटे निघून जातो. कोवळ्या द्विदल चाऱ्याने पोटात फेस धरतो. वायू फेसात अडकतो, ढेकर येत नाही, फुगलेलं पोट छातीवर दाब आणतं आणि जनावर गुदमरतं.

म्हणून सकाळी आधी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी घाल. घास दव उडाल्यावर, सुकवून, कुट्टीत मिसळूनच दे. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढव. त्या सूक्ष्मजीवांनाही सवय व्हावी लागते. लग्नातला उरलेला भात, पोळ्या कधीच घालू नकोस. त्याने पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो, जनावर दगावूही शकतं.

पोट फुगलंच, तर आधी डॉक्टरांना किंवा 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन कर. ते येईतो गाईचे पुढचे पाय उंचावर येतील अशी तिला उभी कर. कडुनिंबाची जाड काडी तोंडात आडवी बांध. गाय ती चघळेल, लाळ सुटेल. गोडेतेलाने फेस मोडतो, पण किती आणि कसं पाजायचं ते डॉक्टरांना फोनवरच विचार. पाजताना जीभ ओढू नकोस, मान फार वर करू नकोस. ठसका लागला तर तेल फुप्फुसात जातं. धाप लागली असेल तर पाजूच नकोस. पोटाला छेद देणं डॉक्टरांचं काम, आपलं नव्हे.

आणि रोज धारेआधी डाव्या भकाळीवर मूठ दाबून धर. दोन मिनिटांत दोन-तीनदा पोट हाताला उचलल्यासारखं लागलं पाहिजे. तसं लागलं, की मगच बादली हातात घे.

तुझा,
मामा