दुर्बीण जुळली, तरी नेम खाली का?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. .308 रायफलची दुर्बीण 100 मीटरवर जुळवली. 300 मीटरवर मात्र गोळ्या खाली लागतात. दुर्बीण बिघडली का?

उत्तर : बहुधा नाही. गोळी बॅरलमधून सुटताच खाली येऊ लागते. 100 मीटरवर जुळवलेली .308 ची नेहमीची गोळी 300 मीटरवर साधारण 45 सेंटिमीटर खाली लागते. दुर्बिणीचा एक क्लिक 0.1 मिलचा असेल, तर तो 100 मीटरवर 1 आणि 300 मीटरवर 3 सेंटिमीटर नेम सरकवतो. म्हणजे वरचा टरेट सुमारे 15 क्लिक फिरवा आणि नेमका आकडा आपल्याच काडतुसांवर तपासून वहीत लिहा. काडतूस बदलले की आकडाही बदलतो.

पण आधी 100 मीटरची जुळणी पक्की आहे ना, ते पाहा. एका गोळीवरून टरेट फिरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, बॅरल थंड होऊ देत पाच गोळ्या झाडा आणि त्या पाचांच्या मध्यबिंदूवरूनच दुरुस्ती करा. पाचही विखुरल्या असतील, तर टरेटला हात लावू नका. माउंटचे स्क्रू तपासा. माझ्या मते बहुतेक ‘बिघडलेल्या’ दुर्बिणींचा दोष तिथेच असतो. मग पॅरॅलॅक्स पाहा : डोळा किंचित हलवल्यावर क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकत असेल, तर बाजूची चकती फिरवून ते स्थिर करा. 300 मीटरवर हे पुन्हा करावे लागते.

वाऱ्यासाठी ही 100 मीटरची जुळणी हलवू नका. जुळवणी वारा पडलेला असतानाच, शक्यतो सकाळी करा.