मोटारीच्या मागील आंसाचा आवाज व दांत्यांची झीज

जीप वा माल वाहणारी लहान मोटार चालतांना मागून घुरघुर येऊं लागली, कीं क्राउन-पिनियन बदलण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. हें काम खर्चाचें आहे. म्हणून आंस उघडण्यापूर्वीं आवाज केव्हां पालटतो हें मालकानें स्वतः पाहावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. आवाज तसाच आला, तर दोष आंसांत नाहीं. खडीवरून डांबरी रस्त्यावर येतांच सूर बदलला, तर तो टायरांचा. नंतर सपाट रस्त्यावर सुमारें ५० किलोमीटरच्या वेगानें जातांना पेडल दाबून व सोडून ऐकावें. दाबतांनाच किंवा सोडतांनाच कण्हल्यासारखा सूर निघाला, तर दांते झिजलेले किंवा त्यांची जुळणी बिघडलेली असते. दोन्ही वेळां सारखीच घरघर राहिली, तर बहुधा बेअरिंग. गाडी हलतांना ‘खट्’ होत असल्यास आधीं प्रोपेलर शाफ्टाचा क्रॉस पाहावा. तो स्वस्तांत बदलतो.

मग तेल काढावें. बुचाच्या लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा गाळ असणें नित्याचें. बोटांस टोंचणारे कपचे निघाले, तर गाडी पुढें चालवूं नये. क्राउन व पिनियन जोडीनेंच घांसून जुळविलेले असतात, यास्तव एकटा पिनियन बदलण्याची काटकसर फुकट जाते. गाडी ओढ्याच्या खोल पाण्यांतून गेली असेल तर तेल दुधाळ झालें कीं काय, हें त्याच आठवड्यांत पाहावें. तसें असल्यास तें काढून टाकून पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचेंच नवें भरावें.