गारुड्याचा नाग आणि मुलांच्या शंका

मृगाचे दोन पाऊस होऊन गेले आणि जमिनीतली बिळे पाण्याने भरली, की खेड्यातल्या शाळेत सापाच्या गोष्टींना ऊत येतो. कोणाच्या कुटाराच्या ढिगात धामण निघालेली असते, कोणी विहिरीत दिवड पोहताना पाहिलेली असते, तर कोणाची आई निंदणाला गेली असता धुऱ्यावर नाग फणा काढून उभा राहिलेला असतो. अशा वेळी वर्गाला गप्प बसवून पुस्तकातील पाठाकडे वळणे सोपे असते. परंतु निसर्गाचा याहून चांगला पाठ आपण होऊन वर्गात येत नाही. त्या दिवशी वेळापत्रक थोडे बाजूला ठेवले तरी चालेल.

पाठाचा आरंभ गारुड्याच्या नागापासून करावा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. त्या कायद्याने साप पकडणे, पाळणे व त्याचे खेळ करणे हा गुन्हा ठरला, आणि टोपली व पुंगी घेऊन गावोगाव हिंडणारा गारुडी हळूहळू दिसेनासा झाला. तरी मलकापूर-मेहकरच्या बाजारात पूर्वी पाहिलेले खेळ आजोबांनी नातवंडांना रंगवून सांगितलेले असतात, आणि उरलेली भर चित्रपट घालतात. मुलांच्या डोक्यात साप बसलेला असतो तो टोपलीतला, शेतातला नव्हे. वर्गात एखादे मूल गारुड्याच्या घरचे असेल, तर शिक्षकांनी शब्द जपून वापरावेत. सापाला हाताळण्याचे त्या घरचे ज्ञान खरे असते, आणि कायद्याने त्यांचा धंदा गेला हेही खरे आहे.

मुलांची पहिली शंका ठरलेली असते: पुंगीवर नाग डोलतो, मग त्याला गाणे कळते काय? सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. तथापि तो ठार बहिरा असतो, असे जे पूर्वी शिकविले जाई, तेही बरोबर नाही. त्याच्या डोक्यात आतला कान असतो आणि तो एका बारीक हाडाने जबड्याशी जोडलेला असतो. जमिनीवर टेकलेल्या जबड्यातून मातीतील कंपने त्या कानापर्यंत पोहोचतात. हवेतून येणारे खालच्या पट्टीतील, म्हणजे सेकंदाला सुमारे 80 ते 600 कंपनांचे आवाजही त्याला जाणवतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील संशोधकांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका ध्वनिरोधक खोलीत सात प्रकारच्या 19 सापांना आवाज ऐकविले. तेव्हा काही साप आवाजापासून दूर सरकले, तर एका जातीचे अजगर आवाजाच्या रोखाने पुढे आले. म्हणजे सापाला ऐकू येते, पण सूर-तालाचा आस्वाद त्याला नाही. नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीपुढे. गारुडी पुंगी डावी-उजवीकडे फिरवितो, गुडघा हलवितो, आणि समोरचे हे हलते संकट नजरेआड होऊ नये म्हणून नाग आपले डोके त्याच्यामागे वळवीत राहतो. मानेतील लांब फासळ्या पसरून उभारलेला फणा हा नाचाचा साज नसून भ्यालेल्या प्राण्याचा इशारा असतो.

हे नुसते सांगून मुलांना पटत नाही. त्यांच्याकडून करवून घ्यावे. एका मुलाला लाकडी बाकावर कान टेकवून डोळे मिटण्यास सांगावे, आणि दुसऱ्याने बाकाच्या दुसऱ्या टोकाला नखाने हलके खाजवावे. हवेतून जो आवाज ऐकूच येत नाही तो लाकडातून स्पष्ट येतो. मग त्याच मुलाने हनुवटी बाकावर टेकवून पाहावी. सापाचा कान जबड्यात कसा, हे एवढ्याने समजते. रात्री शेतावर जाताना काठी आपटत जाण्याची जी रीत आहे तिचे कारणही मुले येथे आपण होऊन सांगतात.

साप जीभ का लपलपवितो, ही पुढची शंका. जिभेने तो डसत नाही आणि चवही घेत नाही. हवेतील व मातीवरील गंधाचे सूक्ष्म कण जिभेला चिकटतात, जीभ आत जाताच ते टाळूतील एका गंधेंद्रियाकडे पोहोचतात, आणि सापाला वास कळतो. जीभ दुभंगलेली असल्याने डावीकडचा व उजवीकडचा गंध त्याला निराळा कळतो. ज्या टोकाला उंदराचा वास अधिक, त्या बाजूला उंदीर गेला. अंधाऱ्या बिळात त्याला दिव्याची गरज पडत नाही ती यामुळे. अजगराला याखेरीज आणखी एक सोय आहे. त्याच्या ओठांवरील खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे मिट्ट काळोखातही उबदार रक्ताचा प्राणी कोठे आहे हे तो ताडतो. घोणस व फुरसे यांना अशा खाचा नसतात.

सापाचे डोळे कधी मिटत नाहीत, कारण त्याला पापण्याच नाहीत. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक खवला असतो. कात टाकण्याआधी तो दुधी होतो व सापाला नीट दिसेनासे होते. असा साप बिचकलेला असतो. बांधावर सापडलेली कात मुलांना जेथल्या तेथे दाखविण्यासारखी असते: डोक्याच्या भागात डोळ्यांवरचे दोन गोल खवले जसेच्या तसे आढळतात. कात ताणली गेल्यामुळे सापाहून लांब भरते, हे मात्र सांगून ठेवावे. नाहीतर गावात पंधरा हातांचा साप निघाल्याची बातमी त्याच संध्याकाळी पसरते.

आता दुधाची गोष्ट. श्रावणात नागपंचमीला घरोघरी दूध-लाह्यांचा नैवेद्य होतो, त्या दिवशी शेतात नांगर चालत नाही, आणि कित्येक घरी विळीही हाती धरीत नाहीत. या श्रद्धेची वर्गात टर उडविण्याचे कारण नाही. पाटावर काढलेल्या किंवा मातीच्या नागापुढे दूध ठेवल्याने कोणाचेही बिघडत नाही. बिघडत असे ते जिवंत नागाचे. गारुडी सणाआधी नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवीत. तहानेने व्याकुळ झालेला तो प्राणी समोर येईल ते द्रव तोंडात घेई, आणि भाविकाला वाटे, देव प्रसन्न झाला. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही, आणि श्वासनलिकेत शिरल्यास फुप्फुसे बिघडून तो मरतो. त्यातच गारुड्याने त्याचे विषदंत मोडलेले असत. ते काही आठवड्यांत पुन्हा उगवत, म्हणून टोपलीतील नाग निरुपद्रवी आहे ही समजूतही फसवीच. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही कथा प्रत्येक गावात ऐकू येते. सापाचे दात आत वळलेले, सुईसारखे असतात; त्या दातांनी आचळ धरले तर म्हैस शांत उभी राहील काय, एवढेच मुलांना विचारावे. गुराखी मुले हसून उत्तर देतात.

साप मग खातो काय? सर्व साप मांसाहारी आहेत, आणि एकही साप घास चावून खात नाही. खालच्या जबड्याची दोन हाडे पुढे जुळलेली नसून लवचिक बंधाने बांधलेली असतात, म्हणून तो आपल्या डोक्याहून मोठा उंदीर अख्खा गिळतो. गिळताना गुदमरू नये म्हणून श्वासनलिकेचे तोंड तो पुढे काढू शकतो. धामण व नाग उंदरांवर जगतात, दिवड मासे-बेडकांवर, मण्यार बहुधा दुसऱ्या सापांवर, तर गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या व वाळवीची अंडी खातो. सर्वांत नवलाचा साप विदर्भातलाच आहे. अंडीखाऊ साप हा भारतातील अतिशय दुर्मीळ साप मानला जाई. तो वर्धा जिल्ह्यात आढळल्याची महाराष्ट्रातील पहिली नोंद 2005 साली प्रसिद्ध झाली. त्याचे दात नावालाच असतात. पक्ष्याचे अंडे तो अख्खे घशात घेतो, मानेच्या मणक्यांची टोके अन्ननलिकेत आलेली असतात त्यांवर ते फोडतो, आतला बलक गिळतो आणि टरफल बाहेर टाकतो. सापाचे रक्त भोवतालच्या हवेप्रमाणे थंड-उष्ण होत असल्याने त्याला आपल्यासारखे रोजचे जेवण लागत नाही. एका उंदरावर त्याचे कित्येक दिवस निघतात.

पाळलेला साप धन्याला ओळखतो काय, आणि मारलेल्या सापाची जोडीदारीण डूख धरते काय, या दोन शंकांचे उत्तर एकच आहे. परदेशात बिनविषारी साप काचेच्या ऊबदार पेटीत ठेवून त्यांना मेलेले उंदीर देणारे लोक आहेत. त्यांच्या सापांना हाताची सवय होते, परंतु कुत्र्याची माया त्यांच्यात उत्पन्न होत नाही. ज्या प्राण्याला लळा लागत नाही, त्याला सूडही सुचत नाही. ‘डूख धरणे’ हा वाक्प्रचार माणसांनाच लागू पडतो. तसेच पीळ घालून उभे राहिलेले दोन साप म्हणजे नाग-धामणीचे लग्न नव्हे. ते बहुधा दोन नर धामणींचे बळ आजमावणे असते. नागाची मादी नागच असते.

एवढी गंमत झाल्यावर शिक्षकांनी मण्यारीकडे यावे, आणि तेथे घाई करू नये. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मृत्यू पावली, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर मुख्यतः लक्ष ठेवावयाचे. आणि त्यांत मण्यार अशी की ती रात्री घरात येते व जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश मुंगी चावल्यासारखा असतो. सूज येत नाही, वेदना नसते, कधी खूणही दिसत नाही. मूल पहाटे पोट दुखते म्हणते, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरचे अपचन समजून ओवा देतात किंवा देवऋष्याकडे धाव घेतात, आणि तेवढ्यात श्वास मंदावतो. पावसाळ्यात सकाळी पोट दुखते व डोळे उघडत नाहीत असे मूल शाळेत आले किंवा कोणाच्या घरी पडले असल्याचे कळले, तर दंश दिसो वा न दिसो, ते सर्पदंशाचे समजून रुग्णालयात न्यावे. चार बोटे उंचीची का होईना, खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने हे संकट बहुतांशी टळते.

फळ्यावर मण्यार व कवड्या शेजारी शेजारी काढून दाखवावेत. मण्यारीचे पांढरे पट्टे जोडीजोडीने असतात व शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे डोक्याकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. हा फरक चित्रापुरताच. अंधारात कोणी पट्टे मोजीत बसू नये.

दंश झाल्यास मुलाला चालू देऊ नये. हात वा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, धीर द्यावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने न्यावे. जखम कापणे, चोखणे, दोरी आवळून बांधणे यांनी अपायच होतो. साप मारून बरोबर नेण्याची आवश्यकता नसते, कारण प्रतिसर्पविष या चारही सापांच्या विषावर एकच असते. घोड्याला विषाच्या चढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी जोडलेले आहे. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून रोग्याचे थोडे रक्त कोरड्या काचनळीत वीस मिनिटे ठेवून डॉक्टर परीक्षा करतात. दंश केव्हा झाला, पापण्या केव्हा जड झाल्या, उलटी केव्हा झाली, या वेळा त्यांना हव्या असतात. घाबरलेल्या घरच्या माणसांना त्या आठवत नाहीत. शिक्षक जवळ असतील तर त्यांनी त्या वहीच्या कागदावर लिहून रोग्याच्या खिशात ठेवाव्यात.