वासंतिक विवाह आणि मंडपाची शोभा

चैत्र-वैशाखात घरात कार्य निघाले की सर्वांत आधी सुचतो तो सजावटीचा खर्च, आणि हाताबाहेर जातो तोही तोच. धाकट्याच्या शिक्षणासाठी राखलेली मुदत ठेव फुलांच्या कमानीपायी मोडायला निघालेले पालक पाहिले, की वाईट वाटते. मुदतीपूर्वी मोडल्याने व्याजही घटते.

वस्तुतः या ऋतूत निसर्गच उदार असतो. आंब्याचे टहाळे, केळीचे खुंट व नारळाच्या झावळ्या यांनी प्रवेशद्वार भरून जाते. दुरून आणलेली महागडी फुले मात्र उन्हाच्या झळांनी लवकर माना टाकतात. मोगऱ्याचा हंगाम या दिवसांत भरात असतो. त्याच्या कळ्या सकाळी खुडतात व सायंकाळी उमलतात. म्हणून गोरज मुहूर्त असेल, तर माळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात आणि उन्हे कलल्यावर मंडपात लावाव्यात. सकाळच्या मुहूर्ताला झेंडूच बरा.

सगळी भिंत फुलांनी मढवण्याची आवश्यकता नाही. अंतरपाट धरतात, त्या आठ-दहा फुटांतच फुले घालावीत. अन्यत्र समया, रांगोळी व घरातील जरीच्या साड्या शोभून दिसतात. (साडीला टाचण्या टोचू नयेत, दोरीवरून सोडावी.)

मंडपवाल्याकडून एकगठ्ठा आकडा न घेता फुले, कापड, दिवे व मजुरी यांचे दर निरनिराळे लिहून घ्यावेत. दाट मुहूर्तांच्या दिवसांत फुलबाजार चढतो. त्याच दिवशी कार्यालयात दुसरेही लग्न असल्यास सजावटीचा खर्च वाटून घेता येईल का, हे अवश्य विचारावे. आपणहून ते कोणी सहसा सांगत नाही.