भोपळ्याचा वेल छाटावा की नाही?



पावसाळा सुरू झाला की आपल्या इंदूरच्या काळ्या मातीत घरोघरी दुधी, गिलकी, दोडका आणि लाल भोपळा यांच्या बिया लावल्या जातात. दीड महिन्यात वेल कुंपणावर, गच्चीवर, कधी शेजाऱ्यांच्या जाळीवरही जाऊन बसतो. मग पालक भेटले की विचारतात, "सर, एवढा पसारा झाला आहे, वेल छाटावा का?" उत्तर देण्यापूर्वी गेल्या वर्षी आमच्याच हातून झालेली एक चूक सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

शाळेच्या मागे नळाजवळ सातवीच्या वर्गाने लाल भोपळा लावला होता. ऑगस्टमध्ये त्याच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. आम्ही लांबूनच पाहिले आणि "भुरी रोग आहे, ही पाने काढून टाका," असे सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारलेही, "सर, हे डाग बोटाने पुसले जात नाहीत. मग रोग कसा?" आम्ही घाईत होतो. "सांगितले तेवढे करा," असे म्हणून निघून गेलो. मुलांनी निम्म्याहून जास्त पाने तोडली. वेलावर तीन लहान भोपळे धरले होते. त्यांतले दोन पिवळे पडून गळाले आणि तिसरा उन्हाने एका बाजूस करपला.

मुलीचे म्हणणे बरोबर होते. लाल भोपळ्याच्या कित्येक जातींच्या पानांवर शिरांच्या कोनांत रुपेरी ठिपके मुळातच असतात. भुरी रोग पीठ शिंपडल्यासारखा दिसतो, गोल डागांनी पसरत जातो आणि बोट फिरवले की पुसला जातो. एवढी साधी परीक्षा आम्ही केली नाही.

पाने कशासाठी?

पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. सूर्यप्रकाशात तेथे तयार झालेले अन्न फळाकडे जाते. शिवाय मोठी पाने कोवळ्या फळावर सावली धरतात. म्हणून हिरवी, निरोगी पाने केवळ पसारा दिसतो म्हणून तोडू नयेत. जमिनीला टेकलेली, पिवळी पडलेली किंवा खरोखर रोगट पाने तेवढी काढावीत.

नर फूल आणि मादी फूल

आम्ही वनस्पतिशास्त्र हिंदीतून शिकलो, पण फुलाची ओळख कोणत्याही भाषेत एकच आहे. ज्या फुलाखाली इवलेसे फळ दिसते ते मादी फूल, आणि जे नुसत्या बारीक देठावर उभे असते ते नर फूल. दोन्ही एकाच वेलावर येतात. बहुधा नर फुले आधी येतात आणि ती गळतात. त्यात काळजीचे काही नाही. मादी फुलाखालचे इवले फळ पिवळे पडून गळू लागले, तर पुष्कळदा परागीकरण झालेले नसते. तेथे कात्रीचा उपयोग नाही. ताजे नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. लाल भोपळ्याची पिवळी फुले पहाटे उमलतात, म्हणून हे काम सकाळी लवकर करावे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, त्यांचे काम तेव्हा करावे.

कोणत्या वेलाला कोणती छाटणी?

वेलाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते बाजूच्या फुटींची वाढ रोखून धरते. शेंडा खुडला की ही रोख कमी होते आणि बाजूच्या फांद्या वाढू लागतात.

दुधी: मुख्य वेलावर नर फुले जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादी फुले जास्त येतात. म्हणून वेल मांडवाला पोचेपर्यंत खालच्या बाजूच्या फुटी काढाव्यात. साधारण 5-6 फुटांवर मांडव गाठला की शेंडा खुडावा. दोन-तीन फांद्या मांडवावर पसरू द्याव्यात.

लाल भोपळा: याला सुरुवातीस मोकळे वाढू द्यावे. जमिनीवर पसरलेला वेल पेरांपाशीही मुळे धरतो. ती उपटू नयेत. जागा कमी असेल तर दोन-तीन फळे नीट धरल्यावर, शेवटच्या फळापुढे काही पाने ठेवून शेंडा खुडावा.

चप्पन कद्दू: हा वेलासारखा पसरत नाही, झुडपासारखा एका जागी वाढतो. याचा शेंडा कधीही खुडू नये. फक्त खालची जुनी पाने काढावीत.

छाटणी कोरड्या हवेत करावी. पाने ओली असताना करू नये. रोगट वेलावर वापरलेली कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावू नये.

यंदाचा उपक्रम

सातवीच्या विद्यार्थ्यांनी दुधीचे दोन वेल शेजारी शेजारी लावावेत. एकाचा शेंडा खुडावा, दुसरा तसाच ठेवावा. रोज दोन्ही वेलांवरची नर आणि मादी फुले मोजून वहीत लिहावीत. गणेशोत्सवाच्या सुट्टीपूर्वी वह्या पाहू. ज्यांच्या घरी अंगण नाही त्यांनी शाळेच्या वाफ्यात मोजणी करावी. पालकांनी आकडे लिहून देऊ नयेत. मोजणी चुकली तरी चालेल, पण ती मुलांचीच असावी.

गेल्या वर्षीच्या त्या विद्यार्थिनीची आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली आहे. येथे पुन्हा लिहीत आहोत, कारण ते विश्वस्त आणि पालकांपर्यंतही पोचावे असे वाटते. मूल प्रश्न विचारते तेव्हा बहुधा ते आपल्यापेक्षा जवळून पाहत असते. अशा वेळी शिक्षकाने हात थांबवावा आणि आधी पान पाहावे. यंदा वाफ्यातले कोणतेही पान दोघांनी बोट फिरवून पाहिल्याशिवाय तोडले जाणार नाही. हा नियम आम्हांसही लागू आहे.