वाऱ्याचें माप

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. आम्ही त्या दिवशीं किनाऱ्यालगतच्या एका खेड्यांत होतों. हा वारा स्वतः मोजावा अशी हौस आम्हांस झाली, आणि एक घरगुती साधन हातांत घेऊन आम्ही पडवींत उभे राहिलों. इतक्यांत शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडून आमच्यापासून दोन हातांवर खांबास आदळला. खांब चिरला, आम्ही बचावलों. मुलांस विज्ञान शिकविणाऱ्यानें असें करावें, याची आम्हांस अजून लाज वाटते. आमची चूक कोणती, हें समजण्यास प्रथम वाऱ्याचें गणित पाहूं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा दाब दुप्पट न होतां चौपट होतो. ताशीं ५५ किलोमीटरचा वारा समोरच्या एका चौरस मीटरवर सुमारें साडेचौदा किलो भाराइतका रेटा देतो. ११० किलोमीटरचा वारा सुमारें ५८ किलोंचा देतो. दोन चौरस मीटरांच्या दारावर हा भार सव्वाशे किलोंच्या जवळ जातो. अशा वेळीं दार उघडलें, कीं वारा घरांत शिरून छप्पर आंतून उचलतो. वरून वाहणारा वाराही त्यास वर ओढीत असतो. पत्रे उडतात ते या दुहेरी ओढीनें.

आतां साधन. एक कोनमापक, टेबल टेनिसचा एक चेंडू व वीतभराहून थोडा लांब असा बारीक दोरा घ्यावा. दोऱ्याचें एक टोंक चेंडूस चिकटवावें व दुसरें कोनमापकाच्या मध्यबिंदूस बांधावें. सरळ कड वर व आडवी राहील आणि वाऱ्याच्या दिशेस समांतर असेल, असें तें धरावें. वारा नसतां दोरा ९० अंशांवर लोंबतो. वाऱ्यानें तो तेथून जितके अंश कलेल, त्यावरून वेग कळतो: १० अंशांस ताशीं सुमारें १३ किलोमीटर, २० अंशांस १९, ३० अंशांस २४, ४५ अंशांस ३२ व ६० अंशांस ४२. हें माप घरापासून दूर, मोकळ्या मैदानांत घ्यावें. भिंतीजवळ वारा भोंवरे घेतो. वेधशाळाही वारा मोकळ्या जागीं, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजतात.

पण पुढें पाहा. ताशीं ८० किलोमीटरला दोरा सुमारें ८१ अंश कलतो आणि ११० किलोमीटरला सुमारें ८५ अंश. वेग तीस किलोमीटरांनीं वाढला, पण कोनांत फरक अवघा चार अंशांचा! हलत्या हातानें तो कोण वाचणार? म्हणजे ज्या मापासाठीं आम्ही जीव धोक्यांत घातला, तें त्या साधनानें मिळणेंच शक्य नव्हतें.

वादळांत खिडकीआडून नुसत्या डोळ्यांनीं मोजण्याची रीत जुनी आहे. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश आरमारांतील अधिकाऱ्यानें १८०५ सालीं वाऱ्याच्या ० ते १२ अशा पायऱ्या लावल्या. धूळ व कागद उडूं लागले, कीं चौथी पायरी (ताशीं २० ते २८ किलोमीटर). मोठ्या फांद्या हलून छत्री धरवेनाशी झाली, कीं सहावी (३९ ते ४९). डहाळ्या मोडून चालणें कठीण झालें, कीं आठवी (६२ ते ७४). झाडें मुळासकट पडूं लागलीं, कीं दहावी (८९ ते १०२). बारावी ११८ च्या पुढें. आठव्या पायरीच्या आंतच सर्वांनीं घरांत असावें.

वादळाची खरी तयारी आदल्या दिवशींची. हवामानखात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा मिळतांच पत्र्यांचे हूक आवळावे. कुंड्या, बादल्या, फळ्या आंत घ्याव्या. पिण्याचें पाणी भरावें. कागदपत्रें प्लॅस्टिकमध्यें गुंडाळावीं. विजेऱ्या व फोन भारून ठेवावे. घर कच्चें असेल तर वेळींच पक्क्या इमारतींत जावें. यांत कमीपणा नाहीं. वादळाच्या मध्याशीं वारा एकाएकीं पडतो. त्यास भुलून बाहेर पडूं नये, कारण थोड्याच वेळानें तो उलट दिशेनें तितक्याच जोरानें येतो. वादळ ओसरल्यावरही तुटलेल्या तारेस हात लावूं नये.

पालकांस विनंति, कीं त्यांनीं एखाद्या शांत दिवसापासून मुलांबरोबर रोज सायंकाळीं वारा मोजून वहींत टिपून ठेवावा. महिनाभरानें झाडाच्या हालण्यावरून मुलें वेग सांगूं लागतील. आणि ज्या दिवशीं तें झाड वेगळें हालेल, त्या दिवशीं तीं आपण होऊन घरांत येतील. आम्ही पडवींत उभें राहून जें शिकलों, तें त्यांनीं या वहीवरून शिकावें, इतकीच आमची इच्छा आहे.